घर नेमकं पेटतं कशानं?

वणवा म्हटलं की डोळ्यांसमोर येते ज्वाळांची भिंत. पण जॅक कोहेन या अमेरिकी वनखात्याच्या संशोधकाला ते पटेना. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या वायव्य भागात मुद्दाम जंगल पेटवलं गेलं, त्यात त्यांनी १०, २० आणि ३० मीटरवर लाकडी भिंती उभ्या केल्या. १० मीटरवरच्या काही पेटल्या, बाकीच्या नाहीत. मग घरं जातात कशी? ठिणग्यांनी. छपराच्या पन्हळीतला पाचोळा, भिंतीला टेकवलेली लाकडं, ओटीखालचं गवत. २००० मध्ये लॉस अलामॉसला घरांची राख झाली, भोवतालची बरीच झाडं मात्र हिरवीच!

आपल्याकडे कोकणात बागेभोवती जाळरेषा काढतात, ती आगीला अडवते. ठिणगी मात्र वरून येते. म्हणून कॅलिफोर्नियाने २००८ पासून वणव्याच्या पट्ट्यातल्या नव्या घरांना न पेटणारं छप्पर आणि झरोक्यांना बारीक जाळी सक्तीची केली.

२०१८ मध्ये पॅराडाइज गाव जळालं, ८५ माणसं गेली. तिथं १९९७ पूर्वीची जेमतेम ११ टक्के घरं तगली, नंतरची सुमारे ३८. शेजारचं घर किती जवळ जळत होतं, यावरही बरंच अवलंबून होतं. तेव्हा तुमची पन्हळ साफ कराल त्या दिवशी शेजाऱ्यांनाही हाक मारा.