विहिरीतल्या कासवाचं जेवण

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्याचं कामरगाव हे वऱ्हाडातल्या काळ्या मातीचं गाव. नळयोजना आणि बोअर येण्याआधी या पट्ट्यात प्यायचं नि ओलिताचं पाणी मुख्यतः विहिरीचं असे, आणि विहिरीत कासव असणं नवलाचं नव्हतं. पावसाळ्यात नाल्याकाठी किंवा वावरात सापडलेलं कासव उचलून विहिरीत सोडायचं, ही रीत वऱ्हाडापुरती नव्हती. ती महाराष्ट्रभर होती आणि बाहेरही होती. कारण सगळीकडे एकच सांगितलं जाई : कासव पाणी साफ ठेवतं. सोडलेल्या कासवाने खायचं काय, हा प्रश्न मात्र या रीतीत कुठे येत नाही. आज शहरांतल्या काचेच्या टाक्यांत कासवांचे डोळे सुजून मिटतात, पाठी मऊ पडतात. याचा दोष बहुधा दुकानदारावर जातो. माझ्या मते त्याची मुळं या जुन्या रीतीत आहेत. कासवाला पोसावं लागत नाही, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो.

ही समजूत घट्ट व्हायला कारणंही तशीच होती. आपल्याकडे देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं; जेजुरीला तर खंडोबापुढच्या भल्यामोठ्या पितळी कासवावर भंडारा उधळतात. गीतेत इंद्रियं आवरून घेणाऱ्या स्थितप्रज्ञाला उपमा कासवाचीच. वारकरी संतांच्या अभंगांत कासवी पिलांना नुसत्या नजरेने पोसते. भक्ताची भूक सांगायला याहून कोवळी प्रतिमा क्वचितच सापडेल. प्राणिशास्त्र मात्र वेगळं सांगतं. मादी मातीत खड्डा करून अंडी घालते आणि निघून जाते. पिल्लू अंड्यातल्या बलकाच्या शिल्लक शिदोरीवर पहिले दिवस काढतं आणि मग स्वतःचं स्वतः शोधतं. संतांना जीवशास्त्र सांगायचं नव्हतं, हे उघड आहे, आणि त्यांच्याकडे बोट दाखवण्याचं कारणही नाही. पण भावार्थ मागे पडून नुसती प्रतिमाच व्यवहारात उतरली की तिची किंमत मुका जीव मोजतो. यावर कुणी म्हणेल, कासव काही सगळ्यांनाच पूज्य नव्हतं. खरं आहे. रामायणात भक्ष्य ठरवलेल्या पाच पंचनखी प्राण्यांत कूर्म आहे, आणि चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात कासवाचं मांस रांधण्याची कृतीही आहे. कासव कुणाच्या देव्हाऱ्यात होतं, कुणाच्या ताटात. त्याच्या स्वतःच्या ताटाकडे या दोन्ही परंपरांचं लक्ष नाही. नदीनाल्यावर गळ टाकणाऱ्या भोई-ढिवरांना ते ठाऊक असणार, कारण गळाला काय लावलं की कासव लागतं हे त्यांना रोज दिसे. पण ते ज्ञान पोथीत आलं नाही.

विहिरीत सोडलं जाई ते बहुतेक वेळा फ्लॅपशेल जातीचं कासव. त्याच्या पोटाच्या ढालीला मागच्या बाजूस झडपा असतात आणि मागचे पाय आत घेतले की त्या मिटतात. बेडूक, बेडकाची पिल्लं, गोगलगायी, किडे, मासे, मेलेले जीव, शिवाय पाणवनस्पती, असा याचा मिश्र आहार. दगडी बांधणीच्या जुन्या उघड्या विहिरीत यातलं बरंच आपसूक मिळे. दगडांच्या सांधींत गवत उगवलेलं, त्यावर किडे, कपारींत बेडूक, वरून पडलेली उंबरं. गोगलगाय शंखासकट आणि बेडूक हाडांसकट पोटात गेला की कॅल्शियमही मिळे. म्हणजे कासवाला विहीर पोसत होती, माणसाने काहीच केलं नव्हतं. उलट ‘पाणी साफ ठेवतं’ हा दावा निम्माच खरा. पडलेला किडा-बेडूक ते खाईल, पण नारूचा रोग पसरवणारे पाण्यातले सूक्ष्म सायक्लोप्स ते टिपत नाही. महाराष्ट्रात पायऱ्यांच्या विहिरींतून नारू पसरतच राहिला. तो हटला तो पायऱ्या बंद करून, पाणी गाळून आणि औषध टाकून. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ सालचा. ‘आमच्या विहिरीत कासव वर्षानुवर्षं जगलं’ हा आक्षेप इथे हमखास येतो. कासवाचं शरीर मंद चालतं, उपास ते फार काळ काढतं. पण जगणं आणि धड असणं यांत अंतर आहे. उभ्या भिंतींच्या विहिरीत मादीला अंडी घालायला हातभर माती मिळत नाही, हेही विसरू नये.

पुढे विहिरी बदलल्या. मोट गेली, मोटारपंप आले, सिमेंटच्या कड्या बसल्या, कुठे झाकण, कुठे जाळी. बोअरनंतर कित्येक विहिरी उन्हाळ्यात कोरड्या पडू लागल्या. कासव गावातून शहरातल्या टाकीत गेलं, आणि आपली समजूतही त्याच्याबरोबर गेली. चार सुक्या कोळंब्या टाकल्या की झालं! मिसिसिपीच्या खोऱ्यातलं लाल कानाचं कासव नुसत्या सुक्या कोळंबीवर ठेवलं की अ जीवनसत्त्वाअभावी त्याचे डोळे सुजतात. कोरड्या माळावरचं, मुख्यतः गवतपाला खाणारं स्टार कासव पोळी-भातावर आणि कोबी-काकडीवर ठेवतात. त्याच्या खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुपटीच्या आसपास हवं, आणि ते अंगी लागायला ऊन हवं. काचेतून आलेलं ऊन त्या कामाचं नाही. पाठीवर टेंगळं येतात ती केवळ जास्त प्रथिनांमुळे, असं पूर्वी मानत. आफ्रिकी कासवांवरच्या २००३ च्या अभ्यासात कोरड्या हवेचा वाटा त्याहून मोठा दिसला. म्हणजे आहार म्हणजे फक्त वाटीतला घास नव्हे. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातला अद्वैत पावही खायचा आणि तरी शतकाहून अधिक जगला, असं कुणी सांगेल. २००६ साली मेलेल्या त्या महाकाय कासवाला पावाबरोबर गवत, गाजर, कोंडा, भिजवलेले हरभरे मिळत, आणि त्याचं आवार उघडं होतं. त्यातला फक्त पाव उचलून चालणार नाही.

शेवटचा आक्षेप कायद्याचा. फ्लॅपशेल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर स्टार कासवही तिथेच आहे. दोन्ही पाळणं गुन्हा. मग आहाराची चर्चा कशाला? कारण कासवं घरांत आहेत, हे वास्तव आहे. ‘वीस नखी’ कासवाने पैशांचा पाऊस पडतो म्हणून फसवणारे आहेत. स्टार कासवाला साधारणतः पुढे पाच-पाच आणि मागे चार-चार, म्हणजे अठरा नखं असतात. फ्लॅपशेलला पायागणिक तीन, एकूण बारा. असं घरात डांबलेलं कासव सुटून उपचारकेंद्रात पोचतं, तेव्हा त्याला वाचवताना पहिला प्रश्न आहाराचाच असतो. तुमच्या घरी, शेजारी किंवा बुजत चाललेल्या विहिरीत असं कासव असेल, तर त्याला दुसऱ्या विहिरीत टाकू नका, परदेशी कासव नदीत सोडू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, आणि ते आजवर काय खात होतं ते न लपवता सांगा.