तीन-पंचमांशाचे राजकारण : अमेरिकन संघराज्याची पहिली तेहतीस वर्षे

मराठी वाचकास अमेरिकेतील गुलामगिरीचा परिचय बहुधा तिच्या अखेरीपासून झालेला असतो. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा आपला ग्रंथ अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, तो गुलामांच्या मुक्ततेबद्दल. तथापि जिचा शेवट करण्यास यादवी युद्ध लढावे लागले, ती संस्था नव्या राष्ट्राच्या घटनेत कोणत्या वाटेने शिरली, हा प्रश्न स्वतंत्र विचारास पात्र आहे. प्रस्तुत लेखात घटनेतील एका अपूर्णांकापुरताच तो विचार केला आहे.

१७८७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फिया येथे घटना-परिषद भरली. प्रतिनिधिगृहातील जागा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावयाच्या असे ठरू लागताच गुलामांची गणना करावी की नाही, हा वाद उपस्थित झाला. अखेरीस स्वतंत्र व्यक्तींच्या पूर्ण संख्येत 'इतर सर्व व्यक्तीं'च्या संख्येचा तीन-पंचमांश मिळवावा, असा तोडगा निघाला. 'गुलाम' हा शब्द मूळ घटनेत कोठेही आढळत नाही. या कलमाने निग्रो मनुष्यास तीन-पंचमांश माणूस ठरविले, असे पुष्कळदा म्हटले जाते. परंतु ते यथार्थ नव्हे. गुलाम पूर्ण मोजले जावेत असा आग्रह दक्षिणेचा होता, आणि ते मुळीच मोजू नयेत असे उत्तरेकडील अनेकांचे म्हणणे होते. गुलामास मत नव्हतेच. त्याच्या अस्तित्वाने कोणाचे बळ वाढावे, एवढाच प्रश्न होता.

हा अपूर्णांक फिलाडेल्फियात जन्मला नाही. १७८३ साली राज्यांनी मध्यवर्ती खजिन्यात द्यावयाचा वाटा लोकसंख्येवर बसवावा अशी सूचना पुढे आली, तेव्हा गुलाम कमी धरावेत असे दक्षिण म्हणत होती व अधिक धरावेत असे उत्तर. सर्व राज्यांची संमती न मिळाल्याने ती सूचना बारगळली, पण तीन-पंचमांश हा आकडा शिल्लक राहिला. चार वर्षांनी कराऐवजी जागांचा प्रश्न निघताच दोन्ही पक्षांनी आपापल्या जागा बदलल्या. या वादातील तात्त्विक भाषणे वाचताना अभ्यासकाने हा पालट दृष्टीआड करू नये.

कलमाचा परिणाम १७९० च्या पहिल्या शिरगणतीनंतर स्पष्ट झाला. देशाची लोकसंख्या ३९ लाखांहून अधिक भरली. त्यात गुलाम जवळजवळ ७ लाख होते, आणि त्यांपैकी २ लाख ९२ हजार एकट्या व्हर्जिनियात. व्हर्जिनियातील स्वतंत्र लोक सुमारे साडेचार लाख, तर पेन्सिल्व्हेनियातील सुमारे ४ लाख ३० हजार, म्हणजे अंतर अल्प. तथापि ३३ हजारांस एक जागा या हिशेबाने पहिल्यास १९ व दुसऱ्यास १३ जागा मिळाल्या.

अध्यक्षाची निवड करणाऱ्या मतदारांची संख्याही प्रतिनिधींच्या संख्येशी निगडित असल्यामुळे हाच लाभ तेथेही पोहोचला. १८०० च्या निवडणुकीत जेफर्सन व बर यांना प्रत्येकी ७३ आणि अ‍ॅडम्स यांना ६५ मते पडली. बरोबरी सुटण्यास प्रतिनिधिगृहात ३६ वेळा मतदान घ्यावे लागले. एका पक्षाकडून दुसऱ्याकडे शांततेने झालेले सत्तांतर म्हणून या प्रसंगाचे महत्त्व निर्विवाद आहे. अपूर्णांकामुळे मिळालेली मते वजा घातल्यास अ‍ॅडम्स विजयी ठरले असते, असे काही इतिहासकार दाखवितात. हिशेब बरोबर आहे. मात्र त्याच वेळी पेन्सिल्व्हेनियाच्या विधिमंडळातील दोन सभागृहांच्या भांडणामुळे तेथील मते ८ व ७ अशी विभागली गेली, व त्यात जेफर्सन यांचे नुकसान झाले, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

१८०३ साली लुइझियानाचा प्रदेश दीड कोटी डॉलरांस विकत घेतल्यावर नवी राज्ये कोणत्या वळणाची होणार, ही चिंता न्यू इंग्लंडमध्ये वाढली. १८०८ पासून गुलामांची आयात बंद झाली, परंतु देशांतर्गत संख्या वाढतच राहिली. १८१४-१५ च्या हार्टफर्ड परिषदेने केवळ स्वतंत्र व्यक्तींच्या प्रमाणात प्रतिनिधित्व असावे अशी घटनादुरुस्ती सुचविली. पण युद्धसमाप्तीच्या वार्तेबरोबर ती परिषदच हास्यास्पद ठरली.

खरा कस लागला तो मिसुरीच्या प्रश्नावर. फेब्रुवारी १८१९ मध्ये न्यूयॉर्कचे टॉलमेज यांनी तेथे आणखी गुलाम नेऊ नयेत व पुढे जन्मणाऱ्या गुलामांच्या मुलांना २५ व्या वर्षी मुक्त करावे, अशा उपसूचना मांडल्या. प्रतिनिधिगृहाने त्या ८७ विरुद्ध ७६ व ८२ विरुद्ध ७८ मतांनी मान्य केल्या, सेनेटने फेटाळल्या. तीन-पंचमांशाची सवलत मूळ राज्यांपुरती होती, नव्या राज्यांस ती का द्यावी, असा मुद्दा रूफस किंग यांनी सेनेटमध्ये आग्रहाने मांडला. किंग हे स्वतः १७८७ च्या परिषदेचे सभासद असल्याने त्यांच्या म्हणण्यास विशेष वजन होते. मार्च १८२० मध्ये मेन हे मुक्त राज्य, मिसुरी हे गुलामांचे, व लुइझियानाच्या उर्वरित प्रदेशात ३६ अंश ३० कलांच्या उत्तरेस गुलामगिरीस बंदी, अशी तडजोड झाली. मिसुरीवरील निर्बंध काढून टाकण्याचा प्रतिनिधिगृहातील निर्णय ९० विरुद्ध ८७ मतांनी झाला. तीन मतांचा हा फरक पाहताना, त्या वेळी दक्षिणेच्या सुमारे २० जागा या अपूर्णांकावर उभ्या होत्या, याचे स्मरण ठेवावे लागते.

१८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने हे कलम संपुष्टात आले व मुक्त झालेले लोक पूर्ण संख्येने मोजले जाऊ लागले. प्रौढ पुरुषांस मताधिकार नाकारणाऱ्या राज्याचे प्रतिनिधित्व त्या प्रमाणात कमी करावे, अशी तरतूदही त्याच दुरुस्तीत होती. पुढे दक्षिणेतील राज्यांनी निग्रो नागरिकांचा मताधिकार जवळजवळ नाहीसा केला, तरी त्या तरतुदीखाली एकाही राज्याची एकही जागा कमी करण्यात आली नाही.