आंबवलेला मासा आणि धरणाची पाणीपातळी : बिवा सरोवर व मणिबेली यांच्या संदर्भात

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रातील महाराष्ट्राचे पहिले गाव होय. धरणांच्या इतिहासलेखनात जमीन, घरे आणि पुनर्वसन यांचा हिशेब मांडला जातो. परंतु पाण्याची पातळी बदलल्यावर काठावरच्या माणसांच्या अन्नाचे काय होते, हा प्रश्न सहसा दुय्यम ठरतो. या प्रश्नाचा एक तपशीलवार पुरावा जपानमधील बिवा सरोवराच्या काठी, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या कौटुंबिक दुकानांत व खानावळींत उपलब्ध आहे. प्रस्तुत लेखात त्या पुराव्याच्या आधारे मणिबेलीकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

आज मुंबई-पुण्यातील उपाहारगृहांत मिळणारी सुशी, म्हणजे शिरका घातलेल्या भातावर ठेवलेला मासा, ही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात (आजचे तोक्यो) रूढ झालेली नागरी रीत आहे. मूळ सुशी वेगळी. तिला ‘नारेझुशी’ म्हणतात. खारवलेला मासा शिजवलेल्या भातात दाबून ठेवावयाचा आणि भात आंबून निर्माण होणाऱ्या आम्लाने तो टिकवावयाचा, अशी ही पद्धत. आपल्याकडील आंबील किंवा आंबोळीमागे जी क्रिया आहे, तीच येथे मासा टिकविण्यासाठी वापरली जाते. आहाराचे अभ्यासक नाओमिचि इशिगे यांनी या पद्धतीचा उगम मेकाँग खोऱ्यातील भातशेतीच्या प्रदेशात असावा, असे मत मांडले आहे. जिथे पावसाळ्यात खाचरांत मासा शिरतो आणि पाणी ओसरताच एकदम विपुल सापडतो, तिथेच तो भातात मुरविण्याची गरज निर्माण होते, हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. जपानमध्ये इ. स. 718 च्या योरो संहितेत कराच्या वस्तूंमध्ये सुशीचा समावेश आढळतो, तर 927 मध्ये सिद्ध झालेल्या ‘एंगिशिकि’ या ग्रंथात ओमी प्रांतातून दरबारी येणाऱ्या फुनाझुशीची नोंद आहे. ओमी म्हणजे आजचा शिगा प्रांत. सुमारे 670 चौरस किलोमीटरचे बिवा सरोवर त्याच्या मध्यभागी पसरले आहे.

फुनाझुशीसाठी लागणारा ‘निगोरोबुना’ हा मासा याच सरोवरातला. वसंतात अंड्यांनी भरलेली मादी पकडतात, पोट न चिरता कल्ल्यांच्या वाटेने आतडी काढतात, अंडी मात्र आत राहू देतात. मग मासा मिठात घालून ठेवावयाचा, भर उन्हाळ्यात धुऊन लाकडी पिंपात भाताचे थर देत रचावयाचा आणि वर दगडाचे वजन ठेवावयाचे. पुढे कित्येक महिने, कधी दोन वर्षेही तो मुरत राहतो. ताकाशिमा येथील किताशिना हे दुकान 1619 पासूनचे मानले जाते. सरोवराच्या उत्तरेस लहानशा योगो सरोवराकाठी तोकुयामाझुशी हे कुटुंबाने चालविलेले उपाहारगृह आहे. आंबवलेला मासा हेच तेथील मुख्य आकर्षण होय. अशा घरांत कृती लिहून ठेवण्यापेक्षा हाताला शिकविली जाते. पण हाताला सवय असली तरी मासा लागतोच, आणि तो पाण्याच्या पातळीवर अवलंबून आहे.

1972 मध्ये बिवा सरोवराच्या सर्वंकष विकासाचा विशेष कायदा झाला. ओसाका-कोबे परिसरातील शहरांना व कारखान्यांना अधिक पाणी देणे, हा त्याचा एक प्रमुख हेतू होता. ही योजना 1997 पर्यंत चालली. काठ बांधले गेले, बोरूची बने घटली. 1992 पासून पूरनियंत्रणासाठी मे महिन्याच्या मध्यापासून पातळी उतरवून 16 जूनपर्यंत ती नियत खूण गाठू लागली. निगोरोबुना नेमकी याच सुमारास उथळ पाण्यातील वनस्पतींना अंडी चिकटविते. पाणी मागे सरले की ती उघडी पडतात. त्यातच परदेशी माशांनी पिलांचा फडशा पाडला. यांपैकी ‘ब्लूगिल’ हा मासा युवराज अकिहितो यांनी 1960 मध्ये अमेरिकेहून भेट म्हणून आणला होता; 2007 मध्ये शिगा येथील समारंभात सम्राट म्हणून त्यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. राजघराण्याकडून अशी कबुली विरळाच! मासा दुर्मिळ झाला, तशी घराघरांत घातली जाणारी फुनाझुशी महाग झाली आणि मुख्यतः दुकानांपुरती उरली. 2023 मध्ये ओमीच्या नारेझुशीच्या कृतीची राष्ट्रीय लोकसांस्कृतिक वारशात नोंद झाली.

मणिबेलीचा वृत्तांत याच्या शेजारी ठेवला असता एक मूलभूत फरक दिसतो. मोर्स आयोगाचा अहवाल 1992 मध्ये आला, मार्च 1993 मध्ये भारत सरकारने जागतिक बँकेच्या कर्जाचा उर्वरित भाग नाकारला आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीची घरे पाण्याखाली गेली. 1994 मध्ये मोठ्या धरणांच्या अर्थसाहाय्याविरुद्धच्या जागतिक जाहीरनाम्याला या गावाचे नाव मिळाले. 2019 मध्ये जलाशय प्रथमच 138.68 मीटरपर्यंत भरला. वाहत्या पाण्यात, गोट्यांच्या तळावर वाढणाऱ्या महसीरसारख्या माशाला साचलेले पाणी मानवत नाही, हे मत्स्यशास्त्राला ठाऊक आहे. तथापि सातपुड्यातील आदिवासी कुटुंबाने आपल्या खाण्यापुरता पकडलेला मासा बाजाराच्या तराजूत आला नाही. मोर्स आयोगाने भरूचजवळच्या पाल्याच्या, म्हणजे हिलसाच्या, मासेमारीकडे झालेले दुर्लक्ष नोंदविले, कारण तो मासा विकला जात होता.

बिवाकाठी दुकानदारांची घराणी होती आणि कायद्याने मासेमारीचा हक्क मान्य असलेल्या सहकारी संस्था होत्या. म्हणून तेथील हानी मोजता आली. नर्मदेच्या उपनदीवरील तवा जलाशयात विस्थापितांच्या मत्स्यसंघाला 1996 मध्ये मासेमारीचा हक्क मिळाला, तो दीर्घ संघर्षानंतर, आणि तोही दहा वर्षांपुरताच. मणिबेलीत कोणत्या ऋतूत कोणता मासा कोणत्या डोहात मिळे, याची साधने आता केवळ तोंडी आहेत. डोह पाहिलेली पिढी म्हातारी झाली असून पुनर्वसनामुळे ती वेगवेगळ्या वसाहतींत विखुरली आहे.