मोबाइल गेममध्ये 'रे ट्रेसिंग' : दावे, अडचणी आणि भवितव्य

महागडे स्मार्टफोन बाजारात आणताना कंपन्या कॅमेरा आणि बॅटरी यांच्या जोडीने आणखी एका वैशिष्ट्याचा आवर्जून उल्लेख करू लागल्या आहेत. ते वैशिष्ट्य म्हणजे 'रे ट्रेसिंग'. चित्रपटांतील संगणकीय दृश्यांत स्थिरावलेले हे तंत्र आता तळहातावरच्या पडद्यावर अवतरल्याचे सांगितले जाते. हा दावा खोटा नाही. मात्र, निव्वळ त्यासाठी फोनवर जादा पैसे खर्च करावेत का, याचे उत्तर जाहिरातींत मिळत नाही.

काय आहे हे तंत्र?

गेममधील दृश्य असंख्य लहान त्रिकोणांचे बनलेले असते. प्रचलित 'रास्टरायझेशन' पद्धतीत हे त्रिकोण पडद्यावरील ठिपक्यांमध्ये रूपांतरित करून रंगवले जातात. ही पद्धत अतिशय वेगवान आहे. पण सावल्या, प्रतिबिंबे आणि भिंतीवरून परावर्तित होणारा मंद उजेड यांच्यासाठी तिला युक्त्या योजाव्या लागतात. बऱ्याचदा हा उजेड गेम तयार करतानाच मोजून चित्रासारखा पृष्ठभागांवर चिकटवलेला असतो. त्यामुळे दिवा हलला तरी त्याचा उजेड जागचा हलत नाही.

रे ट्रेसिंगमध्ये पडद्यावरील प्रत्येक ठिपक्यातून एक काल्पनिक किरण दृश्यात सोडला जातो. तो कोणत्या वस्तूवर आदळला, तेथून कोठे वळला आणि दिव्यापर्यंत पोहोचला की नाही, याचा माग संगणक काढतो. त्यातून ओल्या रस्त्यावरील प्रतिबिंब किंवा काचेतून दिसणारे दृश्य भौतिकशास्त्राच्या नियमांना धरून उमटते.

ही कल्पना नवी नाही. 'आयबीएम'मधील आर्थर अॅपेल यांनी १९६८ मध्ये किरणांच्या साह्याने छटा ठरवण्याची पद्धत मांडली. बेल लॅब्जमधील टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात परावर्तन आणि अपवर्तन यांचाही समावेश केला. 'पिक्सार'च्या २००६ मधील 'कार्स' या चित्रपटात गाड्यांच्या चकचकीत पत्र्यासाठी हे तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. परंतु चित्रपटाची एक चौकट तयार व्हायला काही तास लागले तरी चालते. गेमला ही मुभा नसते. सेकंदाला ६० चौकटी दाखवायच्या, तर प्रत्येक चौकटीसाठी जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. 'एनव्हिडिया'ने २०१८ मध्ये यासाठी खास विभाग असलेली ग्राफिक्स कार्डे आणली आणि घरगुती संगणकावर हे साध्य होऊ लागले. २०२० मध्ये 'प्लेस्टेशन ५' आणि 'एक्सबॉक्स सीरिज एक्स' यांनीही तोच मार्ग धरला.

फोनवरील वाटचाल

फोनसाठीचा प्रयत्न त्याहूनही आधीचा आहे. ब्रिटनच्या 'इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज'ने २०१४ मध्येच 'पॉवरव्हीआर विझार्ड' हा रे ट्रेसिंगची सोय असलेला आराखडा जाहीर केला होता. परंतु तो फोनच्या बाजारपेठेत रुजला नाही. २०२० च्या अखेरीस 'व्हल्कन' या ग्राफिक्स मानकात रे ट्रेसिंगची सोय अंतिम झाली आणि गेम लिहिणाऱ्यांना सामाईक भाषा मिळाली.

त्यानंतर चित्र झपाट्याने पालटले. जानेवारी २०२२ मध्ये 'सॅमसंग'ने 'एएमडी'च्या सहकार्याने तयार केलेली 'एक्झिनॉस २२००' ही चिप सादर केली. 'गॅलेक्सी एस २२'च्या युरोपातील आवृत्तीत ती होती. भारतात मात्र हा फोन 'स्नॅपड्रॅगन' चिपसह आला. त्याच वर्षी 'आर्म'चा 'इमॉर्टलिस जी ७१५' हा ग्राफिक्स प्रोसेसर, तो वापरणारी 'मीडियाटेक'ची 'डायमेन्सिटी ९२००' आणि 'क्वालकॉम'ची 'स्नॅपड्रॅगन ८ जेन २' या चिप आल्या. 'अॅपल'ने सप्टेंबर २०२३ मध्ये 'आयफोन १५ प्रो'मधील 'ए १७ प्रो' चिपद्वारे या शर्यतीत प्रवेश केला.

गाडे कोठे अडते?

अडचण समजण्यासाठी साधा हिशेब पुरेसा आहे. २४०० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर सुमारे २६ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला एकच किरण सोडला, तरी सेकंदाला ६० चौकटींसाठी साडेपंधरा कोटींहून अधिक किरणांचा माग काढावा लागेल. त्यातून केवळ पहिली धडक कळते. सावली, प्रतिबिंब यांसाठी आणखी किरण लागतात.

दुसरा अडसर स्मृतीचा. किरण कोठे आदळतो हे लवकर शोधण्यासाठी दृश्यातील वस्तू एकात एक बसणाऱ्या काल्पनिक पेट्यांमध्ये विभागल्या जातात. शेजारच्या ठिपक्यांतून निघालेले किरण परावर्तनानंतर चहूकडे विखुरतात आणि प्रत्येकासाठी स्मृतीच्या वेगवेगळ्या कप्प्यांतून माहिती आणावी लागते. मोबाइलचे ग्राफिक्स प्रोसेसर पडद्याचे लहान तुकडे पाडून ही ये-जा कमीत कमी ठेवण्यासाठी घडवलेले आहेत. विखुरलेले किरण नेमकी हीच बचत हाणून पाडतात.

तिसरा आणि सर्वांत कठोर अडसर उष्णतेचा. संगणकाचे मोठे ग्राफिक्स कार्ड २५० वॉट वीज घेऊ शकते आणि त्याला थंड ठेवायला पंखे असतात. फोनला काही थोड्या वॉटांत भागवावे लागते. तापमान वाढले की फोन स्वतःच वेग कमी करतो. त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत दिसणारी झळाळी अर्ध्या तासानंतर टिकेलच असे नाही.

यावर तडजोड म्हणून मिश्र पद्धत वापरली जाते. मूळ दृश्य जुन्याच पद्धतीने रंगवायचे आणि किरणांचा वापर सावल्या किंवा प्रतिबिंबे अशा एखाद-दुसऱ्या परिणामापुरता करायचा. त्यामुळे 'रे ट्रेसिंग उपलब्ध' असे शब्द पाहून संपूर्ण दृश्य किरणांनी उजळले आहे, असा समज करून घेऊ नये.

निर्मात्यांचे गणित

गेम निर्मात्यांसाठी हा निर्णय केवळ तांत्रिक नाही. उजेड आधीच मोजून ठेवण्याचे काम वाचले, तर कलावंतांचा वेळ वाचतो आणि गेमचा आकारही आटोक्यात राहतो. हा रे ट्रेसिंगचा खरा आर्थिक लाभ. परंतु ही सोय प्रामुख्याने महागड्या फोनमध्येच आहे. भारतासारख्या बाजारपेठेत मोफत गेम खेळणाऱ्यांचे मोठे प्रमाण स्वस्त आणि मध्यम किमतीच्या फोनवर आहे. त्यांना वगळता येत नसल्याने निर्मात्याला प्रकाशयोजना दोनदा करावी लागते. म्हणजे बचत होण्याऐवजी खर्च वाढतो.

स्पर्धात्मक गेममध्ये समन्यायाचाही प्रश्न आहे. कोपऱ्यामागे दडलेल्या प्रतिस्पर्ध्याचे प्रतिबिंब महागड्या फोनवरच दिसत असेल, तर सामना बरोबरीचा राहत नाही. दुसरीकडे, अशा खेळात अनेक खेळाडू सुंदर सावल्यांपेक्षा स्थिर वेगाला महत्त्व देतात.

पुढे काय?

आशेचे खरे स्थान किरणांची संख्या वाढवण्यात नसून कमी किरणांत काम भागवण्यात आहे. थोडे किरण सोडून मिळालेले दाणेदार चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने स्वच्छ करणे आणि लहान आकाराचे चित्र मोठे करणे, ही युक्ती संगणकावर यशस्वी ठरली आहे. 'आर्म'ने २०२५ मध्ये आपल्या ग्राफिक्स प्रोसेसरमध्ये यासाठी खास विभाग देण्याची घोषणा केली. मध्यम किमतीच्या फोनपर्यंत या दोन्ही सोयी झिरपल्या, तरच निर्माते केवळ किरणांवर विसंबून गेम रचू शकतील.

तोपर्यंत ग्राहकाने फोन निवडताना रे ट्रेसिंगला निर्णायक निकष मानण्याचे कारण नाही. आपण खेळत असलेल्या गेममध्ये ही सोय आहे का, ती सुरू केल्यावर वेग किती घटतो आणि फोन अर्ध्या तासानंतर किती तापतो, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर तेच पैसे बॅटरी आणि उष्णतानियंत्रण उत्तम असलेल्या फोनवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरेल.