वसंतातली तालीम आणि चुकण्याचा हक्क

अमेरिकेत फेब्रुवारीच्या मध्यावर, उत्तरेकडची शहरे बर्फाखाली असतानाच, बेसबॉलचे व्यावसायिक संघ उबदार हवेच्या शोधात निघतात. काही फ्लोरिडात जातात, काही ॲरिझोनात. दीड महिना शिबिर चालते. संघ एकमेकांशी सामने खेळतात, पण त्यांचे निकाल मोसमाच्या तक्त्यात धरले जात नाहीत. १८८६ साली शिकागोचा संघ आरकॅन्सॉमधल्या हॉट स्प्रिंग्ज या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी हिवाळ्यातली चरबी उतरवायला गेला, तेव्हापासून ही प्रथा रुळत गेली असे मानतात. आपल्या नाटकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर ही रंगीत तालीम.

या तालमीत नावाजलेल्या खेळाडूंकडे फारसे कोणी पाहत नाही. लक्ष असते ते होतकरू पोरांवर. खालच्या लीगमधून आलेला डावखुरा पिचर टिकेल का, शॉर्टस्टॉपच्या जागी अमका खेळवावा की तमका, गेल्या वर्षी फेकीत कच्चा असलेला पोरगा सुधारला का, अशी चर्चा प्रेक्षकांच्या बाकांवर, न्हाव्याच्या दुकानात, वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर रंगते. एखाद्याने चार चेंडू सोडले तर म्हणायचे, 'अहो, मार्च आहे, अजून हात मोकळा व्हायचाय.' या वाक्यात सगळे औदार्य आले. मार्चमध्ये केलेली चूक पुढच्या हिशेबात धरायची नाही, असा खेळाडू आणि रसिक यांच्यातला हा अलिखित करार आहे.

मी क्रिकेटच्या जुन्या धावफलकांच्या नादातून बेसबॉलच्या इतिहासाकडे वळलो. ना मी तो खेळ खेळलो, ना कुठल्या विद्यापीठात शिकलो. नोकरी सांभाळून, रात्री उशिरापर्यंत जुन्या अंकांच्या छायाप्रती चाळत जे हाती लागले, त्यातून एक प्रश्न मनात घर करून राहिला. हा करार सगळ्यांसाठी होता का? म्हणजे चुकण्याची मुभा प्रत्येक होतकरूला मिळत होती का? या लेखात तोच प्रश्न तीन खेळाडूंच्या आधारे तपासायचा आहे.

१

पहिले दोघे १९४६ सालचे. ब्रुकलिन डॉजर्सचे सर्वेसर्वा ब्रांच रिकी यांनी २३ ऑक्टोबर १९४५ रोजी जॅकी रॉबिन्सनला मॉन्ट्रियल रॉयल्स या आपल्या दुय्यम संघात घेतल्याचे जाहीर झाले. विसाव्या शतकात तोवर गोऱ्यांच्या संघटित बेसबॉलमध्ये कृष्णवर्णीयांना दार बंद होते. तसा लेखी नियम कुठेच नव्हता. सगळ्यांनी मिळून पाळलेला तो एक संकेत होता. पुढे जानेवारीत जॉन राइट या पिचरलाही घेण्यात आले. रॉबिन्सन सत्तावीस वर्षांचा, विद्यापीठात चार खेळ गाजवलेला. राइट न्यू ऑर्लीन्सचा. होमस्टेड ग्रेज या नामांकित कृष्णवर्णीय संघाकडून खेळलेला आणि युद्धकाळात नौदलात राहून आलेला.

रॉबिन्सनचे लग्न होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. पत्नी रेचेलसह तो लॉस एंजेलिसहून फ्लोरिडाला निघाला. न्यू ऑर्लीन्सला त्यांना पुढच्या विमानात जागा नाकारली, पेन्साकोलाला तर बसलेल्या विमानातून उतरवले. पुढचा रस्ता बसने, आणि बसमध्ये मागच्या बाकावर जाण्याचा हुकूम. हाच रॉबिन्सन सैन्यात अधिकारी असताना १९४४ साली बसमध्ये मागे बसायला नकार दिल्याबद्दल लष्करी न्यायालयापुढे उभा राहिला होता आणि निर्दोष सुटला होता. आता मात्र तो निमूटपणे मागे जाऊन बसला. शिबिराला पोचणे त्याला भाग होते.

शिबिराच्या सुरुवातीचा मुक्काम सॅनफर्ड या गावी होता. दोन-तीन दिवसांतच धमक्या आल्या आणि रॉबिन्सन व राइट यांना तिथून हलवून डेटोना बीचला नेण्यात आले. गोरे सहकारी हॉटेलात उतरले आणि हे दोघे कृष्णवर्णीय वस्तीतल्या घरांत. त्यातच पहिल्या दिवसांत जोर लावून फेकल्यामुळे रॉबिन्सनचा खांदा दुखावला. शॉर्टस्टॉपवरून फेक पहिल्या बेसपर्यंत पोचेना, म्हणून त्याला दुसऱ्या बेसवर आणि काही काळ पहिल्या बेसवरही उभे करून पाहिले. बॅटही बोलत नव्हती. एखाद्या गोऱ्या पोराच्या बाबतीत हे सगळे 'मार्च आहे' या सदरात गेले असते.

१७ मार्च १९४६, रविवार. डेटोनाच्या सिटी आयलंड मैदानावर रॉयल्स विरुद्ध डॉजर्स असा सामना झाला. सुमारे चार हजार प्रेक्षक आले. कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या काढलेल्या भागात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. रॉबिन्सनला त्या दिवशी एकही हिट मिळाला नाही. एकदा तो बेसवर पोचला, दुसरा बेस चोरला आणि धाव काढली, एवढेच. तरी तो दिवस इतिहासात गेला आणि आज ते मैदान त्याच्याच नावाने ओळखले जाते.

इतर गावांनी एवढेही केले नाही. डीलँडला दिवे नादुरुस्त असल्याचे कारण देऊन सामना रद्द केला. सामना दुपारचा होता! जॅक्सनव्हिलला संघ पोचला तेव्हा मैदानाच्या फाटकाला कुलूप होते. सॅनफर्डला एप्रिलमध्ये सामना सुरू झाल्यावर थोड्याच वेळात पोलीसप्रमुख मैदानावर आला आणि रॉबिन्सनला बाहेर काढायला लावले.

२

या सगळ्याची चर्चा कोण करत होते? इथे 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाकडे वळावे लागते. त्याचे क्रीडालेखक वेंडेल स्मिथ आणि छायाचित्रकार बिली रो शिबिरभर या दोघांबरोबर होते. रॉबिन्सनचे नाव रिकींच्या कानावर घालणाऱ्यांत स्मिथ होते. शिबिराच्या काळात त्यांना डॉजर्सकडूनही मानधन मिळत होते, हे ध्यानात ठेवूनच त्यांचे लेखन वाचायला हवे. पण त्यामुळे त्याचे मोल कमी होत नाही. कुरियरचे अंक पुलमन डब्यांत काम करणाऱ्या पोर्टरांच्या हातून दूरदूरच्या गावी जात. एक अंक अनेक घरे फिरे. ज्यांना मैदानाचे फाटक बंद होते, त्यांच्यापर्यंत शिबिर असे चालत आले.

ते अंक वाचताना एक गोष्ट पुन:पुन्हा जाणवते. गोऱ्या रसिकांसाठी होतकरू खेळाडूवर बोलणे ही करमणूक होती. या वाचकांसाठी ती करमणूक उरली नाही. रॉबिन्सनचा एक हुकलेला चेंडू म्हणजे एका माणसाचा हुकलेला चेंडू नव्हता. 'यांना जमत नाही' असे म्हणायला टपलेल्यांच्या हातात तो पुरावा ठरणार होता. त्यामुळे बाकावरच्या माणसाने मोकळेपणी 'हा पोरगा अजून कच्चा आहे' असे म्हणायचे तरी कसे? टीका करण्याची चैनही त्यांना परवडणारी नव्हती. पालवणकर बाळूंची कथा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे ओझे ओळखीचे वाटेल. त्याविषयी स्वतंत्र लिहायला हवे.

१८ एप्रिल १९४६ रोजी जर्सी सिटीत मोसमाचा पहिला सामना झाला आणि रॉबिन्सनने पाच वेळा बॅट घेऊन चार हिट मारले, त्यांतला एक होमरन. दोन बेस चोरले, चार धावा काढल्या. रॉयल्स १४-१ असे जिंकले. मोसमाअखेर तो लीगमधला पहिल्या क्रमांकाचा फलंदाज होता. १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिनच्या मैदानात उतरला. पुढची कथा सर्वांना माहीत आहे.

जॉन राइटची मात्र फारशी कोणाला माहीत नाही. त्याच प्रवासाला निघालेला, त्याच वस्तीत राहिलेला, त्याच शिव्या ऐकलेला हा पिचर. नेम ही त्याची ताकद, आणि शिबिरात नेमका तोच सुटू लागला. मॉन्ट्रियलसाठी त्याला अवघे दोन सामने मिळाले. मग त्याला त्रुआ-रिव्हिएरच्या खालच्या संघात पाठवले आणि १९४७ साली तो परत होमस्टेड ग्रेजकडे गेला. त्याच्यात खेळ होता पण दडपण सोसले नाही, अशा अर्थाचे रॉबिन्सनने पुढे म्हटले आहे. ते खरेही असेल. पण दडपण सोसणे ही पिचरची परीक्षा कधीपासून झाली? त्याच शिबिरांत कितीतरी गोरे पिचर नेम चुकत होते. त्यांना कोणी गावातून हाकलत नव्हते.

माझ्या मते १९४६च्या शिबिराचा खरा हिशेब या दोघांना शेजारी ठेवल्याशिवाय लागत नाही. रॉबिन्सनने सिद्ध केले की असामान्य माणूस भिंत फोडू शकतो. राइटने दाखवले की सामान्य माणसासाठी ती भिंत जागच्या जागी उभी होती.

३

त्यानंतर गोष्टी बदलल्या, पण रेंगाळत. ज्या जॅक्सनव्हिलने १९४६ साली फाटकाला कुलूप घातले, तिथल्या त्याच मैदानावर १९५३ साली हेन्री ॲरन नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा घरच्या संघाकडून खेळत होता. साउथ अटलांटिक लीगमधल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय खेळाडूंत तो होता आणि त्या मोसमात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्या मार्चमध्ये मिल्वॉकी ब्रेव्ह्जच्या बॉबी टॉमसनचा घोटा मोडला, जागा रिकामी झाली आणि ॲरन वरच्या संघात आला. बेब रूथचा ७१४ होमरनचा विक्रम त्याने १९७४ साली मागे टाकला. पण हाही असामान्यच. माझा प्रश्न सुटत नव्हता.

तो सुटला बॉस्टनमध्ये, पम्प्सी ग्रीनपाशी. बॉस्टन रेड सॉक्सने १६ एप्रिल १९४५ रोजी रॉबिन्सनसह तिघा कृष्णवर्णीयांची चाचणी घेतली होती आणि पुढे त्यांना काहीच कळवले नव्हते. चौदा वर्षांनी, १९५९ साली, सोळा संघांपैकी एकही कृष्णवर्णीय खेळाडू न खेळवलेला तेवढा एकच संघ उरला होता. त्या वर्षी ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलच्या शिबिरात ग्रीन आला. पंचवीस वर्षांचा, अंतर्भागातल्या कुठल्याही जागी उभा राहू शकणारा. संघाच्या हॉटेलात त्याला जागा नव्हती. फिनिक्समध्ये जायंट्स संघाच्या मुक्कामी राहून तो रोज ये-जा करी. तरीही बॉस्टनच्या पत्रकारांनी त्याला शिबिरातला सर्वोत्तम नवोदित म्हणून निवडले. मोसम तोंडावर आला आणि व्यवस्थापक पिंकी हिगिन्स यांनी त्याला मिनियापोलिसला खालच्या संघात धाडले.

अजून पिकायचा आहे, असे कारण दिले गेले. असे कारण दर मार्चमध्ये डझनभर पोरांना दिले जाते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. पण चौदा वर्षे एकही कृष्णवर्णीय खेळाडू पिकला नाही असे म्हणणाऱ्या संघाच्या तोंडी ते कोणाला पटणार? कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'एनएएसीपी' या संस्थेच्या बॉस्टन शाखेने राज्याच्या भेदभावविरोधी आयोगाकडे तक्रार केली. फेनवे पार्कबाहेर फलक घेऊन निदर्शने झाली. आयोगापुढे संघाला बाजू मांडावी लागली. मार्चमधली बाकावरची गप्पा, 'हा पोरगा संघात हवा की नको', सरकारी सुनावणीच्या टेबलावर येऊन बसली.

जुलैच्या सुरुवातीला व्यवस्थापक बदलला. २१ जुलै १९५९ रोजी शिकागोत ग्रीन राखीव धावपटू म्हणून मैदानात उतरला. ४ ऑगस्टला फेनवे पार्कवर तो पहिल्यांदा फलंदाजीला आला तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या आणि त्याने डावीकडच्या उंच भिंतीवर चेंडू आदळून तीन बेस गाठले.

ग्रीन महान खेळाडू झाला नाही. पाच मोसम, ३४४ सामने, फलंदाजीची सरासरी .२४६. म्हणजे चार वेळांत एकही हिट पुरता हाती लागत नाही. बेसबॉलच्या फूटपट्टीने हा राखीव फळीतला, उपयोगी, साधा खेळाडू. बॉस्टनचे रसिक त्याच्यावर चिडत असतील, त्याला बसवा म्हणत असतील, पुढच्या मार्चमध्ये सुधारेल अशी आशाही धरत असतील. मला यातच त्याचे महत्त्व दिसते.

४

फ्लोरिडातली हॉटेले मात्र अजून तशीच होती. जानेवारी १९६१ मध्ये वेंडेल स्मिथ यांनीच पुन्हा लेखणी उचलली. आता ते शिकागोच्या एका मोठ्या दैनिकात होते. सेंट पीटर्सबर्गमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंची राहण्याची सोय लावून देणारे डॉक्टर राल्फ विम्बिश यांनी त्याच महिन्यात जाहीर केले की यापुढे हे काम आपण करणार नाही. मार्चमध्ये शहराच्या व्यापारी मंडळाने खेळाडूंना न्याहारीला बोलावले. नवख्या गोऱ्या पोरांना आमंत्रण आले, कार्डिनल्स संघाच्या बिल व्हाइटला नाही. त्याने एका वृत्तसंस्थेच्या वार्ताहराला उघडपणे सांगितले आणि बातमी देशभर गेली. यँकी संघ १९६२ साली ते शहर सोडून फोर्ट लॉडरडेलला गेला आणि कार्डिनल्स सगळे मिळून एका मोटेलात राहू लागले, कुटुंबांसकट. १९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या आधीच ही दारे किलकिली झाली, ती व्यापार जाईल या भीतीने. पुढे १९८९ मध्ये हाच बिल व्हाइट नॅशनल लीगचा अध्यक्ष झाला.

समतेचा इतिहास आपण बहुधा शिखरांवरून मोजतो. पहिला कोण, सर्वांत मोठा कोण. शिखरे हवीतच. पण एखाद्या समाजाला दार खरोखर उघडले की नाही, हे त्यातून आत गेलेल्या सामान्य माणसांवरून कळते. त्याला चुकता येते का, सुधारायला वेळ मिळतो का, आणि जमले नाही तर ते अपयश त्याच्या एकट्याच्या नावावर राहते का. जॉन राइटला दोन सामने मिळाले आणि पम्प्सी ग्रीनला ३४४. दोघांच्या गुणांत एवढे अंतर होते असे मला वाटत नाही. मधल्या तेरा वर्षांत जे अंतर कापले गेले, ते या दोन आकड्यांत आहे.