क्षीण जबड्यातील दंतरोपण

जबड्याच्या हाडात धातूचे मूळ बसवून त्यावर कृत्रिम दात उभारण्याच्या क्रियेला दंतरोपण म्हणतात. अशा मुळाला आधार देण्याइतके हाड जबड्यात शिल्लक नसल्यास रोपण अवघड होते. दंतरोपणाच्या इतिहासाचा मोठा भाग या एका अडचणीवर मात करण्याच्या प्रयत्नांनी व्यापलेला आहे.

दातांच्या खोबणींचे हाड दातांच्या आधारानेच टिकून असते. दात पडला वा काढला, की हे हाड झिजू लागते. पहिल्या वर्षी झीज सर्वांत जास्त असते. पुढे ती मंदावते, परंतु थांबत नाही. आंत्ये टॅलग्रेन यांनी पूर्ण कवळी वापरणाऱ्या रुग्णांचा पंचवीस वर्षांपर्यंत मागोवा घेतला आणि खालच्या जबड्याच्या कडेची झीज वरच्यापेक्षा सु. चौपट असल्याचे १९७२ मध्ये दाखवून दिले. कडा सपाट झाली, की कवळी बोलताना व चावताना सरकते. झीज फार झाल्यास हनुवटीकडे जाणारी तंत्रिका वर उघडी पडल्यासारखी होते आणि प्रत्येक घासागणिक कवळीखाली दबून वेदना देते. म्हणजे ज्याला रोपणाची गरज अधिक, त्याच्याच जबड्यात रोपणाला जागा कमी, असा हा पेच आहे.

रोपणाची कल्पना जुनी आहे. होंडुरसमध्ये १९३१ साली सापडलेल्या माया संस्कृतीच्या काळातील एका खालच्या जबड्यात पुढच्या दातांच्या जागी शिंपल्याचे तीन तुकडे बसविलेले आढळले. १९७० मध्ये क्ष-किरणांनी केलेल्या तपासणीत त्यांच्याभोवती हाड वाढल्याचे दिसले. त्यामुळे ते जिवंतपणीच बसविले असावेत, असे मानतात. आधुनिक काळात अमेरिकेत ई. जे. ग्रीनफील्ड यांनी इरिडियम-प्लॅटिनमच्या तारेचे पोकळ दंडगोल वापरले, तर ॲल्विन स्ट्रॉक यांनी १९३०–४० या दशकाच्या अखेरीस कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचे स्क्रू बसविले. या दोन्ही पद्धतींना पुरेशा हाडाची गरज होती.

हाडच नसेल तर ते टाळून पुढे जावे, हा विचार स्वीडनमधील गुस्टाव्ह डाल यांनी १९४०–५० या दशकात मांडला. त्यांच्या पद्धतीत धातूची जाळीदार चौकट हाडात न रोवता हाडाच्या पृष्ठावर, पर्यास्थिकलेखाली (हाडावरील आवरणाखाली) ठेवीत. पुढे अमेरिकेत ही पद्धत बरीच पसरली. काही चौकटी अनेक वर्षे टिकल्या. परंतु जेथे संसर्ग झाला तेथे खालचे उरलेसुरले हाडही नष्ट झाले आणि रुग्णाची स्थिती पहिल्यापेक्षा वाईट झाली. लेनर्ड लिंको यांनी १९६०–७० या दशकात प्रचारात आणलेली पातळ पात्यासारखी रोपणे अरुंद कडेसाठी सोयीची होती. त्यांच्याभोवती तंतुमय ऊतक तयार होई. ते नैसर्गिक दाताभोवतीच्या बंधासारखे काम करते, असे समर्थक म्हणत. वस्तुतः ते बहुधा रोपण सैल होण्याची सुरुवात असे.

या क्षेत्राला निश्चित दिशा मिळाली ती दंतवैद्यकाच्या बाहेरून. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क (१९२९–२०१४) हे स्वीडिश शरीररचनाशास्त्रज्ञ लुंड येथे १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडातील रक्तप्रवाहाचे निरीक्षण करीत होते. त्यासाठी हाडात बसविलेली टिटॅनियमची नळी प्रयोगानंतर निघेना. हाड तिला घट्ट चिकटले होते. या घटनेला पुढे अस्थिसंयोजन हे नाव मिळाले. गॉथेनबर्ग येथे १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर उपचार केले. जन्मतः जबड्यात व्यंग असलेल्या या रुग्णाच्या खालच्या जबड्यात चार स्क्रू बसविण्यात आले आणि ते त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे टिकले. हाड तापू न देता सावकाश छिद्र पाडणे आणि स्क्रू काही महिने हिरडीखाली भाररहित ठेवणे, हे या पद्धतीचे मर्म होते. स्वीडनमधील दंतवैद्यांनी प्रारंभी तिला कडवा विरोध केला. दहा वर्षांच्या अनुभवाचा वृत्तांत १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला व १९८२ च्या टोराँटो येथील परिषदेनंतर ती जगभर मान्य झाली. स्वित्झर्लंडमध्ये आन्ड्रे श्रोडर हेही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला आले होते.

खालच्या जबड्याचा हनुवटीकडील भाग झिजूनही बहुधा दाट असतो, म्हणून तेथे या पद्धतीला चांगले यश आले. वरच्या जबड्याच्या मागील भागात मात्र दात गेल्यावर गालामागील हवेची पोकळी खाली पसरते आणि कित्येकदा काही मिलिमीटरच हाड उरते. पोकळीचे अस्तर उचलून खाली हाडाची भर घालण्याची शस्त्रक्रिया हिल्ट टेटम यांनी १९७०–८० या दशकात सुरू केली. फिलिप बॉइन व रॉबर्ट जेम्स यांनी ती १९८० मध्ये प्रसिद्ध केली. कमरेच्या हाडातून कलम घेतल्यास रुग्णाला दुसरी जखम सोसावी लागते, शिवाय कलमाचाही काही भाग विरून जातो. म्हणून जनावरांच्या हाडापासून बनविलेले खनिज पदार्थ वापरात आले. हिरडीचे वेगाने वाढणारे ऊतक पटलाच्या आडोशाने दूर ठेवल्यास हाडाला वाढण्यास अवसर मिळतो, हे १९८८ मध्ये स्वीडनमधील प्रयोगांनी दाखविले.

याउलट, आहे त्या हाडाचाच कौशल्याने उपयोग करणारी दुसरी विचारसरणी आहे. गालाच्या हाडात रोवायचे ३० ते ५० मिमी. लांबीचे स्क्रू ब्रोनेमार्क यांनीच विकसित केले. कर्करोगाने वा अपघाताने वरचा जबडा गमावलेल्यांना त्यांचा मोठा आधार झाला. मात्र डोळ्याच्या खोबणीच्या सान्निध्यामुळे ही शस्त्रक्रिया निष्णात हातांचीच आहे. लिस्बन येथील पाउलो मालो यांनी २००३ मध्ये मागील दोन स्क्रू तिरपे ठेवून एकूण चार स्क्रूंवर सबंध दंतपंक्ती उभारण्याची पद्धत प्रसिद्ध केली. स्क्रूचा पृष्ठभाग खडबडीत करण्याचे तंत्र साधल्यावर ६ ते ८ मिमी. लांबीची आखूड रोपणेही विश्वसनीय ठरली.

साध्या उपायाचे महत्त्व यात झाकले जाऊ नये. २००२ मध्ये कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठात तज्ञांनी दंतहीन खालच्या जबड्यासाठी पुढे दोन रोपणे व त्यांवर अडकणारी काढघाल कवळी, हा प्रथम पसंतीचा उपचार सुचविला. वृद्ध व मर्यादित ऐपतीच्या रुग्णाला मोठ्या अस्थिकलमापेक्षा तो अनेकदा अधिक हिताचा ठरतो. धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह, जबड्यावर झालेले प्रारण उपचार आणि अस्थिविरलतेवरील काही औषधे यांमुळे हाड भरून येण्यात अडथळा येऊ शकतो. तसेच रोपणाभोवतीच्या हिरडीला दाह होऊन हाड पुन्हा झिजण्याचा धोका कायम असतो.

डाल यांची टाकून दिलेली चौकट अलीकडे नव्या रूपात परतली आहे. संगणकीय छेदचित्रावरून त्रिमितीय मुद्रणाने ती टिटॅनियममध्ये घडविली जाते आणि अतिशय झिजलेल्या वरच्या जबड्यावर स्क्रूंनी पक्की केली जाते. स्क्रूरूपी रोपणांच्या मागे अर्धशतकाहून अधिक काळाच्या नोंदी आहेत. या चौकटींच्या नोंदी मात्र थोड्याच वर्षांच्या आहेत.