पेट्रोल आटले तेव्हा : कोळशाच्या गॅसवरची मोटार आणि तिचा विसरलेला वारसा
#थ्रेड

१/ एसटी सुरू होण्यापूर्वी सोलापूरहून पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटच्या वाटेवर खासगी ‘सर्व्हिस मोटारी’ धावत. गाडी परदेशी बनावटीची आणि तिचे पेट्रोलही बव्हंशी समुद्रापलीकडचे. दुसऱ्या महायुद्धाने हे परावलंबन उघडे पाडले.

२/ १९४१ मध्ये हिंदुस्थानात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले. एप्रिलमध्ये माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी येनांजाऊंगच्या तेलविहिरी स्वतःच उद्ध्वस्त केल्या. ब्रह्मदेशाचे तेल थांबले. आसामातील दिग्बोईचे तेल देशाला पुरणारे नव्हते आणि जे होते त्यावर पहिला हक्क लष्कराचा होता.

३/ मुंबई इलाख्यातील मोटारमालकांपुढे मग एक मार्ग उरला : गाडीला लोखंडी पिंपासारखा ‘गॅस प्लँट’ जोडायचा आणि त्यात लोणारी कोळसा भरायचा. युरोपात याच काळात लाखो गाड्या लाकूड वा कोळशाच्या गॅसवर धावत होत्या.

४/ या भट्टीत कोळसा पूर्ण जाळायचा नसे. हवा मोजकीच सोडली जाई. आधी कार्बन डायऑक्साइड तयार होई. तो तापलेल्या निखाऱ्यांतून जाताना कार्बन मोनॉक्साइड बने. पाण्याची वाफ सोडल्यास हायड्रोजनही मिळे. हे दोन्ही वायू जळतात. ते गाळून, थंड करून इंजिनात ओढले जात.

५/ जगातील काही रचनांत वाफेऐवजी इंजिनाच्याच धुराचा थोडा भाग भट्टीत परत सोडत. धुरातील कार्बन डायऑक्साइड आणि वाफ निखाऱ्यांवर पुन्हा जळाऊ वायू होऊन येत. टाकाऊ धूर अशा रीतीने इंधनाचा भागीदार झाला.

६/ या सोयीची किंमत मोठी होती. गॅसचा निम्म्याहून अधिक भाग हवेतला निरुपयोगी नायट्रोजन असल्याने इंजिनाची शक्ती तिसऱ्या हिश्श्याने, कधी त्याहूनही अधिक घटे. भरलेली गाडी चढावर दमून जाई.

७/ खरा भार क्लीनरवर पडे. राख काढणे, कोळसा भरणे, हाताने पंखा फिरवून भट्टी पेटवणे आणि काजळीने तुंबलेले गाळणे साफ करणे, ही सारी कामे त्याची. शिवाय कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद जागेत तो जीव घेतो.

८/ याच वर्षांत सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद देशातच मोटारी बनवण्यासाठी झगडत होते. १९४४ मध्ये त्यांनी ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ स्थापन केली. पण मोटार देशी झाली, तरी तेलाचा प्रश्न सुटणार नव्हता.

९/ युद्ध संपले, पेट्रोल परतले. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. कोळशाचे प्लँट भंगारात गेले आणि त्यांच्याबरोबर गाडीवरच गॅस बनवण्याची कल्पनाही विस्मरणात गेली.

१०/ ती जागी केली १९७० च्या दशकातील तेलटंचाईने व प्रदूषणाच्या चिंतेने. अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने गाडीतच पेट्रोलपासून हायड्रोजनयुक्त वायू बनवण्याचे प्रयोग केले. १९९० च्या दशकात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात इंजिनाचा धूर वापरून इंधनाचे असे रूपांतर करण्यावर संशोधन झाले.

११/ येथे निखाऱ्यांची जागा ऱ्होडियम, प्लॅटिनम यांसारख्या धातूंच्या उत्प्रेरकाने घेतली. गरम धुराचा काही भाग वळवून त्यात थोडे पेट्रोल मिसळतात. उत्प्रेरकावर पेट्रोल, वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड तयार होतात आणि इंजिनात परततात. ही क्रिया उष्णता शोषते. म्हणून धुराड्यातून वाया जाणारी उष्णता नव्या इंधनात साठते. हायड्रोजन वेगाने जळत असल्याने विरळ मिश्रणही नीट पेटते.

१२/ अडचणीही जुन्यांच्याच वंशातल्या आहेत. इंजिन मंद चालले की धूर पुरेसा तापत नाही. कार्बनचा थर उत्प्रेरकावर साचतो. पेट्रोलमधील गंधक त्याला निकामी करते. क्लीनरची काजळी आता प्रयोगशाळेत पोहोचली आहे, इतकेच.

१३/ तंत्रज्ञानाचा इतिहास सरळ रेषेत पुढे जातो, हा समज येथे खोटा ठरतो. टंचाईने जे शिकवले ते सुबत्तेने पुसले आणि पुढच्या टंचाईला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले. भंगारात गेलेल्या त्या पिंपांबरोबर ते चालवणाऱ्या हातांचे ज्ञानही गेले, हे नुकसान मात्र कोणत्याही हिशेबात धरले गेले नाही.